किराणा दुकानातली वजनं आणि डावा क्रँक

गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काकांकडून मी दहा किलोची दोन लोखंडी वजनं मागून आणली. काट्यावर आता आकडे चमकतात, त्यामुळे ती वजनं पोत्यांच्या आड नुसती पडून होती. "काय मोजून राहिला बेटा?" काकांनी विचारलं. पायाचा जोर मोजायचाय, असं सांगितलं. त्यांनी एक वजन उलटं करून तळाच्या भोकात ओतलेलं शिसं आणि त्यावरचा वैधमापनाचा शिक्का दाखवला. "खात्रीचं आहे. संभाळून ने."

व्हरांड्यात सायकल भिंतीला लावली. दोन्ही ब्रेक रबरी पट्ट्यांनी आवळले. डावा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, पुढे घेऊन जमिनीला समांतर केला आणि त्यासाठी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाणसळ आणली. मित्राने हँडल धरलं. पेडलवर, बरोबर पाऊल टेकतं तिथे, दोरीने वजन टांगलं. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर. नागपूरच्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षण ९.७९, शाळेत पाठ केलेल्या ९.८१ पेक्षा किंचित कमी. दहा किलो गुणिले ९.७९ गुणिले ०.१७० म्हणजे १६.६ न्यूटन-मीटर. वीस किलोला ३३.३. क्रँकवर बसवलेल्या पॉवर मीटरने हेच आकडे दाखवायला हवेत.

हा खटाटोप एका उन्हाळ्यामुळे सुरू झाला. पहाटे सहाला काटोल रोडला सायकल चालवताना माझे ठोके १३२ असत. दहा वाजता त्याच रस्त्यावर, तितक्याच वेगाने, छातीवरचा पट्टा १४८ दाखवायचा. पाय तेच काम करत होते. मात्र शरीर थंड ठेवायला हृदय जादा रक्त त्वचेकडे पाठवत होतं, आणि घामाने रक्तातलं पाणीही घटत होतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात ठोक्यांवरून मेहनत ठरवायला गेलं की अंदाज चुकतो. वेगाचीही तीच गत. समोरून लू सुटली की २८ चा वेग २२ वर येतो आणि माणूस उगाच खचतो. पायांनी खरोखर किती काम केलं, हे वॅटमध्येच कळतं.

दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे ही लांब पल्ल्याची सायकल-फेरी साडेतेरा तासांत पुरी करायची असते. तिथे पहिल्या पन्नास किलोमीटरला हात राखून चालवता आलं तर शेवटचे पन्नास निभतात. आमच्या शहराचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पुरी केली, तीही बारा दिवसांच्या मुदतीत. माझी मजल त्यांच्या आसपासही नाही. पण जोर पुरवून वापरण्याची गरज दोनशेलाही तितकीच असते.

पॉवर मीटरच्या पोटात फार काही नसतं. क्रँकच्या धातूवर केसाहून बारीक तारांच्या जाळीची पट्टी चिकटवलेली असते, तिला स्ट्रेन गेज म्हणतात. पाय दाबला की क्रँक डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. त्यातून पीळ मिळतो. क्रँक किती वेगाने फिरतोय हे दुसरा सेन्सर सांगतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. मिनिटाला नव्वद फेऱ्या असतील तर एक न्यूटन-मीटर म्हणजे ९.४ वॅट. उलरिख शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८६ मध्ये एसआरएम हे पॉवर मीटर काढलं, तेव्हापासून तत्त्व हेच आहे. किंमत तेवढी बरीच खाली आली. २०१२ मध्ये स्टेजेस कंपनीने फक्त डाव्या क्रँकवर मीटर बसवून डाव्या पायाचा जोर दुप्पट करून दोन्ही पायांचा हिशेब धरायची वाट रूढ केली.

ती दुप्पट समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खरा जोर २०० वॅट असेल आणि डावा पाय त्यातला ४८ टक्के देत असेल, तर मीटर १९२ दाखवतं. ४६ टक्के असेल तर १८४. शिवाय थकल्यावर हे प्रमाण बदलतंही. ज्याच्या गुडघ्याचं किंवा घोट्याचं जुनं दुखणं आहे, त्याने थोडं थांबून स्पायडरवालं मीटर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते दातेरी चकत्यांपाशी बसतं आणि दोन्ही पायांचं मिळून मोजतं. माझे पाय धडधाकट आणि बजेट तीस हजारांचं, म्हणून मी डाव्या क्रँकवर आलो. जुना पूर्ण क्रँकसेट घेणाऱ्याने मात्र एक बघावं: जुलै २०१९ पूर्वीचे काही अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक जोड सुटण्याच्या शक्यतेमुळे शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये तपासणीसाठी बोलावले होते. क्रँकच्या आतल्या बाजूचा नंबर पाहून ते कळतं.

माझ्यासमोर दोन मीटर होती. एक ओळखीच्या सायकलस्वाराने वापरलेलं, दुसरं नवं, स्वस्त, आठवड्यात परत करता येणारं. नव्याच्या खोक्यावर अचूकता एक टक्का, जुन्याची दोन टक्के. कागदावर नवंच सरस होतं.

पहाटे २६ अंशांत, क्रँक सरळ खाली लोंबता ठेवून, शून्य घेऊन, म्हणजे बिनभाराच्या आकड्याला मीटरकडून शून्य धरवून, वजनं टांगली. नवं: १६.६ आणि ३३.३. अगदी बरोबर. जुनं: १६.३ आणि ३२.७. दोन्हीकडे पावणेदोन टक्के कमी. मित्र म्हणाला, "नवंच घे ना बे, विचार काय करतो!"

अकरा वाजता ऊन व्हरांड्यात आलं. शून्य पुन्हा न घेता तीच वजनं टांगली. जुन्याने १६.३ आणि ३२.७ च दाखवलं. नव्याने १६.१ आणि ३२.८. इथे मला खरी गोष्ट सापडली. दहा किलोलाही अर्धा न्यूटन-मीटर कमी आणि वीस किलोलाही अर्धाच. चूक वजनाच्या प्रमाणात वाढली असती तर मापाचा उतार बिघडला म्हटलं असतं. इथे शून्यच सरकलं होतं. धातू तापून पसरला, पट्टीही पसरली, आणि तापमानाची भरपाई नीट होत नव्हती. अर्धा न्यूटन-मीटर ऐकायला किरकोळ वाटतो. नव्वद फेऱ्यांना तो ४.७ वॅट होतो आणि डाव्या क्रँकची दुप्पट धरली की ९.४. माझ्या १८० वॅटमध्ये ही पाच टक्के चूक झाली.

नव्याचं शून्य पुन्हा घेतल्यावर आकडा जागेवर आला, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी तो वेगळ्याच अंतराने सरकला, तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा. पहाटे गारव्यात निघून भर उन्हात पोहोचणाऱ्याने दर अर्ध्या तासाला उतरून शून्य घेत बसायचं का? जुनं तिन्ही दिवस तेवढंच कमी दाखवत राहिलं. मी जुनं घेतलं.

वजनं परत करायला गेलो तेव्हा काकांनी निकाल विचारला. वीस किलोला तीन-साडेतीनशे ग्रॅम कमी दाखवतं, म्हटलं.

"रोज तेवढंच?"

"रोज तेवढंच."

"मंग चालते," म्हणाले आणि शिक्के जागेवर आहेत ना, ते उलटून पाहून त्यांनी वजनं पोत्यांमागे ठेवली.

ॲपमध्ये आकडा वाढवून घ्यायची सोय होती. मी ती वापरली नाही. वीस मिनिटं जमेल तितका जोर लावायची चाचणी मी याच मीटरवर देणार, त्यावरून जोराचे टप्पेही यावरच ठरणार, मग सगळं एकाच मापात राहतं. बसवायला दहा मिनिटं लागली. टोपी सैल केली, दोन बोल्ट ढिले केले, सायकलचा मूळ क्रँक ओढून काढला. मीटरवाला बसवताना दोन्ही बोल्ट आलटून-पालटून १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. त्याआधी फ्रेमची चेनस्टे नळी आणि क्रँक यांच्यातली फट मोजली होती, कारण क्रँकवरची मीटरची डबी फ्रेमला घासली तर सगळंच वाया जातं. सायकल-कॉम्प्युटरमध्ये क्रँकची लांबी १७० भरली. तिथे चुकून १७२.५ राहिलं असतं, तर प्रत्येक आकडा दीड टक्का फुगला असता.

पहिल्या रविवारी रामटेकला निघालो. कामठी मागे पडेपर्यंत वारा पाठीवर होता. वेग ३२, पण वॅट जेमतेम १४०. एरवी मी त्या वेगावर खूश होऊन आणखी दामटलं असतं. परतीच्या वाऱ्यासाठी पाय राखले आणि १४० वरच राहिलो. सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवरून चाकं टकटक करत गेली की आकडा क्षणभर उसळायचा, म्हणून पडद्यावर तीन सेकंदांची सरासरी लावली. मनसरला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. टपरीवर चहा सांगितला, सायकल कडुनिंबाच्या सावलीत सरळ धरली, डावा क्रँक खाली लोंबता ठेवला आणि त्यावर पाय न ठेवता पुन्हा एकदा शून्य घेतलं.