रमणे, ई-क्लास आणि मोर्णेचं पाणी

वऱ्हाडातल्या जंगलाची वर्गवारी 1886च्या वन कायद्यानं झाली. 'अ' वर्गात इमारती लाकूड आणि सरपण, 'ब'मध्ये बाभूळबनं आणि गवताचे रमणे, 'क'मध्ये गुरांची चराई. पयानघाटाची काळी जमीन संपून बालाघाट चढू लागतो त्या कडेवर पातूर आहे, त्यामुळे लाकूड, गवत, गुरं हे तिन्ही प्रश्न इथं कायम दाराशीच. नुसतं फिरायला येणारा माणूस मात्र त्या वर्गवारीत कुठंच बसत नव्हता. तो येत होता रेणुकामातेच्या टेकडीवर, शेख बाबूंच्या दर्ग्याला, आणि सवड असली तर डोंगरात कोरलेली लेणी बघायला. पर्यटन खातं जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून.

वनखात्याच्या हद्दीबाहेर राहिलेलं सरकारी पडीत म्हणजे ई-क्लास. शाळेचं तोंड न पाहिलेल्या गुराख्यालाही हा शब्द ठाऊक असतो. मालकी महसूल खात्याची, वापर गावाचा, राखण कुणाचीच नाही. 1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांनी पडीत जमीन कसणाऱ्याला मागितली. पुढं 1991 मध्ये राज्यानं दलित-आदिवासी भूमिहीनांची जुनी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला दोन-चार एकर मिळाले, याचं मला वाईट वाटत नाही. राग येतो तो सातबाऱ्यावर भरपूर जमीन असूनही दरवर्षी धुरा थोडा थोडा पुढं सरकवणाऱ्यांचा. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2011 मध्ये सांगितलं. राज्याचा आदेश त्याच जुलैत निघाला. तोवर कित्येक गावांचं गायरान नकाशापुरतंच उरलं होतं.

पाण्याची गोष्ट वेगळ्या खात्यात घडली. सत्तरच्या दशकात पातूर तालुक्यात मोर्णा आणि निर्गुणा ही धरणं झाली, ती सिंचनासाठी. भिंतीवर संध्याकाळी फिरणारी माणसं आणि हिवाळ्यातले पाहुणे पक्षी हे न मागता मिळालेलं व्याज. तीच मोर्णा खाली अकोल्यात पोचते तेव्हा नदी कमी आणि सांडपाणी जास्त असते. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर जलकुंभी उपसायला पात्रात उतरले आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं कौतुक केलं. कौतुक रास्तच होतं. पण जलकुंभी सांडपाण्यावर पोसते. नाले तसेच राहिले तर ती पुन्हा येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पाणी, जंगल आणि पर्यटक यांचा एकत्र विचार झाला तो शेजारच्या काटेपूर्णा खोऱ्यात. महानच्या जलाशयाभोवतीचं सुमारे 74 चौरस किलोमीटर जंगल 1988 मध्ये अभयारण्य झालं. अकोल्याचं पिण्याचं पाणी या जलाशयातलं, आणि काठच्या जंगलात चौशिंगा, भेकर. शहरातला माणूस नळ सोडतो तेव्हा त्याला चौशिंगा आठवत नाही, पण दोघांचा पाणवठा एकच.

अभयारण्याच्या रेषा किती तोकड्या असतात ते 2019 मध्ये एका वाघानं दाखवलं. टिपेश्वर अभयारण्यातून निघून, तेलंगणात डोकावून, सुमारे 1300 किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या वाटेत राखीव जंगलं थोडीच. बहुतेक शेतं, नाले आणि असलंच तुकड्या-तुकड्यांचं रान.

ते रान राखायचं कोणी? 2006च्या वनहक्क कायद्यानं गावालाच तसा हक्क मागण्याची सोय दिली. अमरावतीच्या अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं तो मागितला, मिळवला, उघडी टेकडी राखून पुन्हा हिरवी केली. तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली आणि 2014 मध्ये जैवविविधता पुरस्कारही मिळाला. पातूर-आलेगावच्या डोंगरातल्या गावांनाही हाच कायदा लागू आहे. फक्त दावा ग्रामसभेनं घालावा लागतो, खातं तो घालून देत नाही.