उचल्यांची दोन घराणी

फॉकलंड बेटांवर एका पक्ष्याने 'बीगल' जहाजावरच्या मंडळींना चांगलंच हैराण केलं होतं. चार्ल्स डार्विनने आपल्या प्रवासवृत्तात त्याच्या चोऱ्यांची नोंदच ठेवली आहे. या पक्ष्याने एक मोठी काळी टोपी जवळजवळ मैलभर नेली. गुरं पकडायला वापरतात ते दोरीला बांधलेले जड गोळे पळवले. अस्बोर्न नावाच्या सहकाऱ्याचा लाल चामडी डबीतला कंपास तर असा लांबवला की तो पुन्हा मिळालाच नाही. बीगल तिथे १८३३ आणि १८३४ असं दोनदा गेलं होतं. गोष्ट मजेशीर आहे, पण त्यातला प्रश्न गंभीर आहे: शिकारी पक्ष्याला कंपास कशाला हवा?

हा पक्षी दक्षिण अमेरिकेच्या कॅराकारा गटातला. त्याचा छोटा भाऊबंद चिमँगो. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, रंग मातकट तपकिरी, रुबाब जवळजवळ नाहीच. अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत तो नांगरामागे चालत अळ्या वेचतो, गुरांच्या पाठीवर बसतो, मेलेलं जनावर टोचतो आणि शहरात कचरा उपसतो. १९२८ मध्ये माणसांनी त्याला ईस्टर बेटावर सोडलं, तिथेही त्याने बस्तान बसवलं. मार देल प्लाता इथल्या लॉरा बिओंडी आणि सहकाऱ्यांनी पकडलेल्या चिमँगोंपुढे झाकणाच्या पारदर्शक पेटीत मांस ठेवून पाहिलं. पक्ष्यांनी पेटी उघडायची युक्ती शोधली. अनोळखी वस्तूला हात घालायला, म्हणजे चोच घालायला, कोवळे पक्षी प्रौढांहून जास्त उत्सुक निघाले. कंपासाचं कोडं बहुधा इथेच सुटतं. ज्याचं अन्न ठरलेलं नाही, त्याला प्रत्येक नवी वस्तू एकदा उचलून बघावीच लागते.

आपल्याकडे हा धंदा घार करते.

दोघांचं रक्ताचं नातं मात्र फारच दूरचं. २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये पक्ष्यांच्या डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ससाण्यांचं कुळ, ज्यात कॅराकारा येतात, गरुड-घारींपासून वेगळं काढून पोपट आणि चिमण्यांच्या शेजारी बसवावं लागलं. चिमँगोला आपला पेरूवरचा पोपट घारीपेक्षा जवळचा! तरीही दोन घराण्यांनी दोन खंडांत एकच उद्योग उभा केला.

तो पाहायला मुळशी तालुक्यातलं भरे हे चांगलं ठिकाण आहे. पुण्याहून पौड रस्त्याने भूगाव, पिरंगुट ओलांडून घोटावडे फाट्याशी आलं की भऱ्याचा परिसर लागतो. भाताची खाचरं, त्यांच्या कडेला प्लॉटिंगचे फलक, जवळच पिरंगुटचे कारखाने, हमरस्त्यावर चिकनची दुकानं. गाव आणि शहर एकमेकांत घुसलेली ही पट्टी घारीला आयतीच मिळाली. चिखलणीच्या वेळी खाचरात खेकडे आणि बेडूक, पहिल्या पावसानंतर हवेत उडती वाळवी, उरलेलं वर्षभर दुकानामागची आतडी. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागला की धुरातून निसटणारे टोळ आणि सरडे टिपायलाही ती हजर असते. उत्तर ऑस्ट्रेलियात तर घारी पेटती काटकी उचलून दुसरीकडे टाकतात आणि आग मुद्दाम पसरवतात, असं तिथल्या आदिवासींचं म्हणणं आहे. २०१७ मध्ये ते संशोधन-नियतकालिकातही मांडलं गेलं. आपल्या डोंगरावरचे वणवे लावायला माणसं पुरेशी आहेत, घारींवर आळ नको.

घारीच्या हालचालीवर पावसाचाही हात आहे. धुवांधार पावसाच्या पट्ट्यातून ती पावसाळ्यात काढता पाय घेते आणि कोरड्या मुलखाकडे सरकते. मुळशीत पावसाचा हा फरक थोड्या अंतरात दिसतो. तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी, राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक, आणि पूर्वेला पुण्याचं कोरडं पठार. भरे पूर्वेच्या बाजूला.

या भागाचा घारीवर आणखी एक हक्क आहे. भारतभर दिसणाऱ्या आपल्या घारीच्या उपजातीचं शास्त्रीय नाव 'गोविंदा', आणि ते पडलं दख्खनमधल्या पक्ष्यावरून. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने त्याला दख्खनची माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. लोकसंख्या, पिकं, वजनं-मापं मोजता मोजता त्याने पक्षीही गोळा केले आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी छापली. घारीचं हे नाव तिथलंच.

आता घरट्याकडे. घार साधारण जानेवारी-फेब्रुवारीत वीण करते, दोन-तीन अंडी घालते. आंबा, वड, नारळ, मोबाइलचा टॉवर, काहीही चालतं. काटक्यांच्या आत चिंध्या, तारा, प्लास्टिक. हे सगळं अडाण्याचं गबाळ वाटतं, पण स्पेनच्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात फाब्रित्सिओ सेर्जिओ आणि सहकाऱ्यांनी दुसराच अर्थ लावला. तिथल्या घारी घरट्यात पांढरं प्लास्टिक निवडून लावतात. भर तारुण्यातल्या, चांगली हद्द राखणाऱ्या जोड्या जास्त, अगदी तरुण किंवा म्हाताऱ्या जोड्या कमी. संशोधकांनी कमकुवत जोडीच्या घरट्यात आपल्या हाताने प्लास्टिक वाढवून ठेवलं, तर त्या पक्ष्यांनी ते काढून टाकलं. कारण पांढरं प्लास्टिक ही ताकदीची पाटी आहे; ती इतर घारींना आव्हान देते, आणि आव्हान पेलायची ताकद नसेल तर पाटी न लावलेलीच बरी. हे २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. पौड रस्त्यावरच्या घारी असंच काही करतात की हाताला लागेल ते भरतात, हे इथेच पाहून ठरवावं लागेल.

दिल्लीत निशांत कुमार यांच्या गटाने घरटी मोजली. चौरस किलोमीटरला सरासरी पंधराच्या आसपास घरटी भरली, शिकारी पक्ष्याच्या मानाने ही अफाट गर्दी. उघडा कचरा आहे आणि श्रद्धेने घारींना मांस घालणारी वस्ती आहे, तिथे घरटी दाट. नुसती झाडं असून भागत नाही. म्हणून घार वाढली की निसर्ग सुधारला, असा आनंद मला घाईचा वाटतो. याच देशात गिधाडांचं काय झालं ते पाहा. मेलेल्या गुरांवरच त्यांचं पोट, आणि गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने ती झपाट्याने जवळजवळ संपली. २००६ मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद झालं तोवर फार उशीर झाला होता. एकाच ताटावर जगणाऱ्याचं ताट विषारी झालं की सुटका नसते. घारीची ताटं अनेक, पण तीही काही अमर नाही. पतंगाचा नायलॉन मांजा पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या दिवसांत तो झाडांवर लोंबताना दिसतोच.

घोटावडे फाटा ते पौड या टप्प्यात दिल्लीसारखी घरट्यांची मोजणी सहज करता येईल. फेब्रुवारीत, बऱ्याच झाडांची पानं गळालेली असताना, घरटं कोणत्या झाडावर किंवा टॉवरवर आहे, जवळचं चिकनचं दुकान किती पावलांवर आहे आणि घरट्यात पांढरं प्लास्टिक आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी लिहायच्या. दुर्बीण, वही आणि तालुक्यातल्या एखाद्या शाळेची आठवी-नववीची मुलं पुरतील. टोपी मात्र घट्ट बसवून जावं, पिल्लं असताना घार डोक्यावर झेप घेते.