आधी भाव सांगा, मग कीवर्ड!

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई म्हणजे हिरव्या मिरचीची बाजारपेठ. समजा, इथल्या शेतकऱ्याने तोडणीला मजूर सांगण्याआधी मोबाइलवर ‘आजचा मिरची भाव’ शोधला. पहिल्याच लिंकवर हे शब्द वीस वेळा, पण भाव मागच्या आठवड्याचा! त्या भरवशावर मिरची तोडली, तर मजुरी अन् गाडीभाडं कोण देणार?

एसईओ वाईट नाही बरं का. नेमकं शीर्षक, पटकन उघडणारं पान, लोक खरंच टाइप करतात ते शब्द... हे नसेल तर चांगली माहितीही सापडत नाही. पण नुसत्या शब्दांच्या भरतीवर फार काळ निभत नाही. २०११ च्या ‘पांडा’ अपडेटने गूगलने पोकळ मजकुराच्या साइट्स खाली ढकलल्या. २०२२ मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’ अपडेट आणलं.

म्हणजे एसईओ ही फाट्यावरची पाटी. ती हवीच, पण गावात बाजारच भरला नसेल तर माणूस दुसऱ्यांदा येईल का? तेव्हा मित्रांनो, स्वतःची वेबसाइट काढताय? बाजारभाव देणार असाल तर आधी तारीख, बाजार समितीचं नाव, आवक, किमान-कमाल दर नीट लिहा. मग कीवर्ड शोधा.