गव्हावरील तांबेरा

गव्हावरील तांबेरा हा पक्सिनिया या प्रजातीतील बुरशींमुळे होणारा रोग आहे. महाराष्ट्रात त्यास गेरवा असेही म्हणतात. रोगट पानांवर व खोडांवर उमटणाऱ्या फोडांतून तांबूस किंवा गेरूसारखी पूड बाहेर पडते. तिच्या रंगावरून ही दोन्ही नावे रूढ झाली. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू होत. जगात जेथे जेथे गहू पिकतो, तेथे तेथे हा रोग आढळतो. त्याला तोंड देऊ शकणारे वाण निर्माण करण्याचे काम शतकाहून अधिक काळ चालू आहे. एका वाणाची प्रतिकारक्षमता काही वर्षांत निष्प्रभ होणे आणि नव्या वाणाचा शोध पुन्हा सुरू होणे, असे या कामाचे स्वरूप राहिले आहे.

प्रकार

तांबेऱ्याचे तीन प्रकार आहेत. खोडावरील किंवा काळा तांबेरा पक्सिनिया ग्रॅमिनिस या बुरशीमुळे होतो. त्याचे फोड लांबट, विटकरी रंगाचे असून पीक पक्व होताना काळे पडतात. पानावरील किंवा नारिंगी तांबेरा (पक्सिनिया ट्रिटिसिना) पानाच्या पृष्ठभागावर विखुरलेल्या गोलसर फोडांनी ओळखता येतो. पिवळा तांबेरा (पक्सिनिया स्ट्रायफॉर्मिस) पानाच्या शिरांना समांतर अशा पिवळ्या रेघांत उमटतो. काळ्या तांबेऱ्यास उबदार हवा मानवते, पिवळ्यास थंड हवा लागते आणि नारिंगी या दोहोंच्या मध्ये येतो. त्यामुळे पिवळा तांबेरा पंजाब, हरियाणा व हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशात त्रास देतो, तर महाराष्ट्राच्या गव्हाला मुख्यतः काळ्या व नारिंगी तांबेऱ्याचे भय असते.

प्रादुर्भाव

बीजाणू वाऱ्याने उडून पानावर पडतो. पानावर दव किंवा पावसाचे पाणी काही तास टिकून राहिले, तर तो रुजतो. त्याचा तंतू पर्णरंध्रापर्यंत पोचून आत शिरतो व पेशींच्या भिंती भेदून तेथे शोषके तयार करतो. बुरशी पेशीला लगेच मारीत नाही. जिवंत पेशीतूनच ती साखर व इतर अन्न ओढून घेते, कारण मेलेल्या पेशीवर तिला जगता येत नाही. साधारण एक ते दोन आठवड्यांत पानाची किंवा खोडाची त्वचा फुटून नवे बीजाणू बाहेर पडतात. हे चक्र एका हंगामात अनेकदा फिरते. दाण्याकडे जाणारे अन्न बुरशी खाते आणि त्वचा फाटल्याने पाणीही उडून जाते. परिणामी दाणा सुरकुततो. काळा तांबेरा वाढल्यास खोड कमकुवत होऊन उभे पीक लोळते. कापणीला तीन आठवडे उरले असताना निरोगी दिसणारे शेत काळा तांबेरा पार उद्ध्वस्त करू शकतो, म्हणून शेतकरी त्यालाच अधिक भितात.

इतिहास

प्राचीन रोममध्ये रोबिगस या तांबेऱ्याच्या देवतेप्रीत्यर्थ २५ एप्रिल रोजी उत्सव होई व कुत्र्याचा बळी दिला जाई. तांबेरा हा दैवी कोप किंवा बिघडलेल्या हवेचा परिणाम नसून एक परजीवी सजीव आहे, हे १७६७ मध्ये इटलीतील फेलिचे फोंताना व जोव्हानी तार्जोनी तोत्झेत्ती यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपल्या जीवनचक्राचा काही भाग गव्हावर व काही भाग बार्बेरी या झुडपावर पुरा करते, हे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६५ च्या सुमारास सिद्ध केले. बार्बेरी ही आपल्याकडील दारुहळदीच्या कुळातील वनस्पती होय. तिच्यावर बुरशीचे लैंगिक प्रजनन होते व त्यातून नवे प्रभेद जन्मास येतात. अमेरिकेत १९१८ पासून बार्बेरीची झुडपे समूळ काढून टाकण्याची मोठी मोहीम राबविण्यात आली, ती याच कारणासाठी.

भारतातील संशोधन

भारतात मात्र बार्बेरीचे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नव्हते. हिमालयात बार्बेरी होती, पण मध्य भारतातील गव्हावर दरवर्षी येणारा रोग तेथून येतो असे दिसेना. उत्तरेकडील मैदानात मे-जूनच्या उन्हात बीजाणू तग धरू शकत नाहीत; मग पुढच्या रब्बीत रोग येतो कोठून, असा प्रश्न होता. आग्रा कॉलेजमधील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी १९२० च्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला. वर्षानुवर्षे डोंगराळ भागांची पाहणी करून त्यांनी असे दाखविले, की बुरशी उन्हाळा थंड डोंगरांवरील गव्हावर काढते आणि हिवाळ्यात तेथूनच वाऱ्याबरोबर मैदानात उतरते. काळ्या तांबेऱ्याचा मुख्य स्रोत दक्षिणेकडील निलगिरी व पळणी हे डोंगर होत, तर पिवळा तांबेरा उत्तरेकडील हिमालयातून येतो. नारिंगी तांबेरा दोन्ही दिशांनी येतो. शिमल्याच्या फ्लॉवरडेल येथील केंद्र मेहता यांच्याच कार्यातून उभे राहिले. भारतभरातून गोळा केलेल्या बुरशीच्या नमुन्यांचे प्रभेद ओळखण्याचे काम तेथे आजही चालते.

मेहता यांच्या निष्कर्षांत पुढे हवामानशास्त्राची भर पडली. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या वाऱ्याबरोबर निलगिरीतील बीजाणू उत्तरेकडे सरकतात व मध्य भारतात पावसाबरोबर खाली पडतात, असे १९७० च्या दशकात एस. नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने गव्हाचे अतोनात नुकसान केले होते. अशी साथ आधी हेरता यावी, हा या अभ्यासाचा हेतू होता.

महाराष्ट्रात महाबळेश्वर येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तेथील थंड व दमट हवा बुरशीला पोषक असल्याने वाणांवर मुद्दाम रोग सोडून त्यांची पारख करणे सोयीचे जाते. निफाडचे कृषी संशोधन केंद्र व पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी राज्यासाठी गव्हाचे अनेक वाण दिले आहेत.

जनुकास जनुक

तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारक्षमता मेंडेलच्या नियमांनुसार पुढील पिढीत उतरते, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्याबाबत दाखविले. अमेरिकेतील हॅरल्ड फ्लोर यांनी जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करून १९४० च्या दशकात एक मूलभूत तत्त्व मांडले. वनस्पतीतील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तोडीस तोड असे एक जनुक बुरशीत असते. वनस्पतीच्या जनुकापासून होणारे प्रथिन बुरशीच्या विशिष्ट प्रथिनाची चाहूल घेते. चाहूल लागताच वनस्पती प्रादुर्भाव झालेल्या आपल्याच मोजक्या पेशी मारून टाकते. जिवंत पेशीवाचून बुरशी उपाशी पडते आणि पानावर केवळ एक बारीक ठिपका राहतो.

या तत्त्वातच एकजनुकी प्रतिकाराचे अपयश दडलेले आहे. ओळख पटविणारे प्रथिन बुरशीने बदलले किंवा गमावले, की पहारा निरुपयोगी होतो. अब्जावधी बीजाणूंपैकी एखाद्यात असा बदल घडणे मुळीच दुर्मीळ नाही. तोच वाण लाखो हेक्टरांवर पेरला असेल, तर त्या एका बीजाणूच्या वंशाला मोकळे रान मिळते. हरितक्रांतीतील कल्याणसोना हा वाण १९७० च्या दशकात नारिंगी तांबेऱ्यास बळी पडला. उत्तर भारतात दीर्घकाळ लोकप्रिय असलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणाची पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची क्षमताही अशीच संपुष्टात आली.

खपली गहू

महाराष्ट्र व कर्नाटकात पुरणपोळी व खिरीसाठी वापरला जाणारा खपली गहू (ट्रिटिकम डायकॉकम) तांबेऱ्याला चिवट प्रतिकार करतो. अमेरिकेतील स्टॅकमन व लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याचे प्रभेद ओळखण्यासाठी गव्हाच्या १२ वाणांचा जो संच ठरविला, त्यात 'खपली' हा एक होता. एसआर १३ व एसआर १४ ही प्रतिकारक जनुके खपलीतूनच घेण्यात आली. एसआर १३ या जनुकाची रचना २०१७ मध्ये उलगडण्यात आली. इथिओपियात मात्र त्यावर मात करणारा प्रभेद आढळला आहे. खपलीचे उत्पादन सरबती गव्हाहून कमी व मळणी अवघड, म्हणून मधल्या काळात त्याची लागवड आक्रसली होती. आघारकर संस्थेने त्याचा एमएसीएस २९७१ हा बुटका वाण विकसित केला आहे.

यूजी ९९ व नंतर

राय या धान्यापासून गव्हात आणलेले एसआर ३१ हे जनुक काळ्या तांबेऱ्याविरुद्ध अनेक दशके उपयोगी पडले. जगभरच्या वाणांत ते शिरले व काळा तांबेरा जवळजवळ विस्मरणात गेला. १९९८ मध्ये युगांडात त्यालाही न जुमानणारा प्रभेद दिसला. यूजी ९९ या नावाने तो प्रसिद्ध झाला. केनिया, इथिओपिया, सुदान असा प्रवास करीत तो येमेन व इराणपर्यंत पोचला; भारतात त्याची नोंद झालेली नाही. नॉर्मन बोरलॉग यांनी वयाच्या नव्वदीत या धोक्याविषयी जगाला सावध केले आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय सहकार्याची योजना सुरू झाली. भारतातील गव्हासह अनेक देशांचे वाण केनियातील न्जोरो येथे प्रत्यक्ष यूजी ९९ समोर पारखले जाऊ लागले.

इथिओपियातील दिगालू या वाणाची हकीकत या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. २०१० च्या पिवळ्या तांबेऱ्याच्या साथीनंतर तेथील शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर दिगालू पेरला. तो पिवळ्या तांबेऱ्यास व यूजी ९९ लाही दाद देत नव्हता. २०१३ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या एका निराळ्याच प्रभेदाने दक्षिण इथिओपियातील बाले भागात दिगालूची शेतेच्या शेते बुडविली. सर्वांचे लक्ष एका शत्रूकडे असताना नुकसान दुसऱ्याने केले.

टिकाऊ प्रतिकारक्षमता

काही जनुके रोग पूर्णपणे रोखत नाहीत. ती बुरशीची वाढ मंद करतात व फोडांची संख्या घटवितात. अशा गव्हावर थोडा तांबेरा दिसतोच, म्हणून पूर्वीचे निवडकर्ते असे रोप नापसंत करीत. पण ही जनुके दीर्घकाळ टिकतात. एसआर २ हे जनुक एडगर मॅकफॅडन यांनी अमेरिकेत खपलीच्याच जातीतील एका रशियन गव्हातून 'होप' या वाणात आणले आणि शतक उलटत आले तरी ते उपयोगी आहे. एलआर ३४ हे जनुक तिन्ही तांबेऱ्यांविरुद्ध अंशतः काम करते. हे जनुक पदार्थांची ने-आण करणारे प्रथिन तयार करते, असे २००९ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे येथे शत्रूची ओळख पटविण्याचा संबंध नसतो आणि बुरशीला चकविण्यास एकच सोपी वाटही नसते.

अशी अनेक जनुके एका वाणात एकत्र करण्याकडे सध्या कल आहे. गव्हाचा जनुकीय आराखडा मानवाच्या सुमारे पाचपट मोठा आहे. २०१८ मध्ये त्याचा संदर्भ-आराखडा प्रसिद्ध झाल्यावर जनुके हुडकणे सुकर झाले. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रतिकारक जनुके एकाच ठिकाणी जोडून गव्हात घातली. ती एकत्रच वारशाने उतरतात, त्यामुळे पुढील संकरात विखुरत नाहीत. हा जनुकीय परिवर्तित गहू असल्याने त्याचा प्रसार प्रत्येक देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे.

शेतातील उपाय

शिफारस केलेला प्रतिकारक वाण वेळेवर पेरणे हा पहिला उपाय होय. उशिरा पेरलेल्या गव्हाचे दाणे भरण्याचा काळ वाढत्या उष्णतेत येतो. तेव्हा काळा तांबेरा फोफावतो व उष्णतेचा ताणही त्याच वेळी पडतो. नत्राची मात्रा व पाणी गरजेपेक्षा अधिक दिल्यास पीक दाट होऊन ओल टिकते. रोग दिसताच प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाची फवारणी कृषी विभागाच्या सल्ल्याने करतात. नत्राच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात व पुष्कळदा त्यालाच तांबेरा समजले जाते. पान बोटांत धरून चोळल्यास तांबेऱ्याची पूड बोटाला लागते, कमतरतेच्या पिवळेपणात ती लागत नाही.