दहा कोटी बिया आणि चिमूटभर धूळ

चिनी माती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कपबशा आणि लोणच्याच्या बरण्या येतात. याच मातीतून समाज आणि सत्ता यांविषयी किती बोलता येते, हे चिनी शिल्पकार आय वेवे यांनी २०१०मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात दाखवून दिले. तेथील टर्बाइन हॉल या विशाल दालनात त्यांनी सूर्यफुलाच्या १० कोटींहून अधिक बिया पसरल्या होत्या. वजन सुमारे १५० टन. त्यांतील एकही बी शेतातली नव्हती. प्रत्येक बी चिनी मातीची, भट्टीत भाजलेली आणि हाताने रंगवलेली होती.

या बिया घडल्या जिंगदेझेन येथे. जियांग्शी प्रांतातील हे शहर शतकानुशतके चिनी मातीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. सम्राटांच्या दरबारातील भांडी येथूनच जात. या मातीचे ‘केओलिन’ हे नावही जवळच्याच गाओलिंग गावावरून पडले. सुमारे १,६०० कारागीर दोनेक वर्षे या कामावर होते. साच्यातून काढलेली बी भाजायची, तिच्या दोन्ही बाजूंवर कुंचल्याचे तीन-चार फटकारे द्यायचे आणि पुन्हा भाजायची. त्यामुळे कोणतीही बी दुसरीसारखी नाही. दुरून मात्र दिसतो तो करड्या रंगाचा एकसारखा थर!

सांस्कृतिक क्रांतीच्या काळातील चित्रांत माओ हा सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड वळवून उभी असलेली सूर्यफुले असत. आय वेवे यांचे वडील, कवी आय छिंग, यांना त्या राजवटीत शिंजियांगमध्ये हद्दपारी भोगावी लागली. त्याच टंचाईच्या दिवसांत भाजलेल्या बिया मित्रांमध्ये वाटून खाल्ल्या जात. सक्तीचा एकसुरीपणा आणि माणसांमधला जिव्हाळा, दोन्ही एकाच बीमध्ये आहेत.

या थरावरून प्रेक्षकांनी चालावे, बिया ओंजळीत घ्याव्यात, अशी मूळ कल्पना होती. १२ ऑक्टोबरला प्रदर्शन खुले झाले आणि अवघ्या काही दिवसांत ही मुभा बंद करावी लागली. पायांखाली घासल्या जाणाऱ्या बियांतून बारीक धूळ उडू लागली होती. चिनी मातीच्या धुळीत सिलिका असते. ती दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिली, तर फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. हा विकार म्हणजे सिलिकोसिस. ब्रिटनमधील स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत त्याला पूर्वी ‘कुंभारांचा दमा’च म्हणत. प्रेक्षकांसाठी दोरी लावली गेली, हे योग्यच झाले. पण अशी धूळ ज्यांच्या रोजच्या कामाचा भाग असते, त्या कारागिरांची आठवण या कलाकृतीने करून दिली ती या दोरीमुळे. शिल्पकाराने हे योजले नव्हते. तरीही प्रस्तुत लेखकाला तिच्यातील सर्वांत बोलका भाग हाच वाटतो.

प्रदर्शन सुरू असतानाच, ३ एप्रिल २०११ रोजी, आय वेवे यांना बीजिंग विमानतळावर ताब्यात घेण्यात आले. ते ८१ दिवस कोठडीत होते. बिया २ मेपर्यंत लंडनमध्ये तशाच पसरलेल्या होत्या. पुढे २०१२मध्ये त्यांपैकी सुमारे ८० लाख बिया टेटने आपल्या संग्रहासाठी विकत घेतल्या.