दोन वर्ग, एक नामदेव

औंढा नागनाथला कीर्तन देवळामागे ढकललं, तेव्हा देऊळच नामदेवांकडे फिरलं, अशी कथा. असं पात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळामध्ये उतरवायचं तर? अभंग रचून गाणारा म्हणून ‘बार्ड’, गुरू विसोबा खेचरांच्या उपदेशानंतर ‘क्लेरिक’. २०१४च्या नियमांनुसार असे दोन वर्ग एकत्र घ्यायला करिष्मा आणि विवेक हे दोन्ही गुण किमान १३ हवेत. खरी मेख पुढे आहे. बार्डच्या २ आणि क्लेरिकच्या ३ पातळ्या मिळून मंत्रांचे खण पाचव्या पातळीइतके मिळतात. मंत्र मात्र दुसऱ्या स्तरापर्यंतचेच. (देऊळ फिरवणारा त्यांत नाही!) शिवाय गुणवाढ मिळते ती त्या-त्या वर्गाच्या चौथ्या पातळीला, एकूण बेरजेच्या नव्हे. म्हणून तिसऱ्यावर थांबू नये, आधी क्लेरिकची चौथी गाठावी.