गिअर सहा, पण इंजिनाची धाप जास्त!

समजा, एका हौशी माणसाकडे पाच गिअरची जुनी स्पोर्ट्स कार आहे. हमरस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने जाताना तिचे इंजिन फार घोंघावते. सहा गिअरची गिअरबॉक्स बसवली तर वरच्या गिअरमध्ये इंजिन शांत चालेल असा विचार करून तो ती विकत आणतो, दोन सुट्या खर्ची घालून घरच्या गॅरेजात स्वतः बसवतो आणि रस्त्यावर येतो. पाहतो तो काय, सहाव्या गिअरमध्येही इंजिन पूर्वीपेक्षा थोडे जास्तच वेगाने फिरते आहे!

गिअरबॉक्स बिघडलेली नाही आणि ती बसवण्यातही चूक झालेली नाही. चुकला आहे तो गुणाकार. तो कसा, हे पाहण्यासाठी खरीखुरी गाडी आणि खरे आकडे घेऊ.

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची, छोटी गाडी बाजारात आणली. अमेरिकेत ती मियाता या नावाने ओळखली जाते. २०१६ साली या गाडीने दहा लाखांचा आकडा गाठला. आपल्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसते. अमेरिका, इंग्लंड आणि जपानमध्ये मात्र जुन्या एमएक्स-५ घरी खोलून दुरुस्त करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. तिची रचनाही शिकण्यासारखी सरळ आहे. इंजिन पुढे, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, शेवटी डिफरन्शियल आणि त्याच्या दोन बाजूंना मागची चाके. आपल्याकडच्या पुष्कळशा ट्रकमध्ये हीच मांडणी असते. उभ्या ट्रकच्या मागून वाकून पाहा. दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्याच्या पोटात डिफरन्शियल असतो.

इंजिनाचे फिरणे चाकापर्यंत पोहोचताना दोन ठिकाणी मंदावते. पहिले ठिकाण गिअरबॉक्स. सुरुवातीच्या १६०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या एमएक्स-५ मध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.१३६ होते. याचा अर्थ, इंजिनाचे ३.१३६ फेरे झाले की प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा होतो. पाचव्या गिअरचे गुणोत्तर होते ०.८१४, म्हणजे तिथे शाफ्ट इंजिनापेक्षाही जलद फिरतो. दुसरे ठिकाण डिफरन्शियलमधले. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते, ते क्राऊन. पिनियनला १० दाते आणि क्राऊनला ४३, म्हणून गुणोत्तर ४.३. ड्रायव्हर कोणताही गिअर टाको, हे ४.३ बदलत नाही.

आता गुणाकार करू. पहिल्या गिअरमध्ये ३.१३६ × ४.३ = १३.४८. चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे सुमारे साडेतेरा फेरे. पाचव्यात ०.८१४ × ४.३ = ३.५०.

सहा गिअरची गिअरबॉक्स माझदाने १९९८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या काही गाड्यांत दिली. तिच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.७६० आणि सहाव्याचे ०.८४३. हे दोन आकडे जुन्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. सहावा गिअर जुन्या पाचव्यापेक्षा 'उंच' नाही, उलट किंचित 'ठेंगणा' आहे! ४.३ च्या डिफरन्शियलशी तिची जोडी लावली, तर पहिल्या गिअरमध्ये १६.१७ आणि सहाव्यात ३.६२ येतात.

याचा परिणाम रस्त्यावर काय होतो? या गाडीच्या १८५/६०-१४ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.८१५ मीटर भरतो. (वजनाने टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित कमी. आपण तो फरक सोडून देऊ.) ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १,६६७ मीटर. म्हणून चाकाचे मिनिटाला ९१८ फेरे. जुन्या पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे ९१८ × ३.५० म्हणजे सुमारे ३,२१५ फेरे होत. नव्या सहाव्यात होतात सुमारे ३,३३०. आपल्या हौशी मित्राची तक्रार अगदी खरी होती. शिवाय इंजिनाचे ७,००० फेरे होईपर्यंत पहिला गिअर ताणला, तर पूर्वी गाडी ताशी ५६ किलोमीटरपर्यंत जाई, ती आता ४७ वरच थांबते. चौकातून निघतो न निघतो तोच दुसरा गिअर टाकावा लागतो.

मग कंपनीने अशी गिअरबॉक्स केलीच कशाला? कारण तिच्या बरोबर कंपनीने डिफरन्शियलही वेगळा दिला होता. काही गाड्यांत क्राऊन ४३ आणि पिनियन ११ दात्यांचे, म्हणजे ३.९०९. तर काहींत ४० आणि ११ दात्यांचे, म्हणजे ३.६३६. यातला दुसरा घेऊन पाहा. पहिला गिअर : ३.७६० × ३.६३६ = १३.६७. जुन्या पहिल्या गिअरजवळच आला! पाचव्या गिअरचे गुणोत्तर १.०००, म्हणून गुणाकार ३.६४. तोही जुन्या पाचव्याच्या शेजारीच. सहाव्यात ०.८४३ × ३.६३६ = ३.०७. म्हणजे जुना जिना जवळपास जसाच्या तसा राहिला आणि वर एक नवी पायरी मिळाली. ताशी १०० ला इंजिनाचे फेरे सुमारे २,८१५. आता घोंघाट खरोखरच कमी झाला. अर्थात सहाव्या गिअरमध्ये चाकाला मिळणारा पीळ जुन्या पाचव्यापेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे चढ लागला की पाचव्यात उतरावेच लागते.

जाणकार हौशी लोक गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खेपेस का बदलतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे. दुसरे कारण पिळाचे. गुणोत्तर जितके मोठे, तितका चाकाकडे जाणारा पीळ मोठा. १६०० च्या इंजिनाचा पीळ सुमारे १३६ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो १३.४८ पट म्हणजे सुमारे १,८३० होतो. १६.१७ ने गुणला तर सुमारे २,२०० (घर्षणात जाणारा भाग सोडून). जुन्या गाडीतल्या डिफरन्शियलचा क्राऊन साधारण सहा इंच व्यासाचा. १९९४ पासून १८०० च्या इंजिनाबरोबर आलेला सात इंची, आणि तो बराच दणकट. मात्र तो बसवायचा तर प्रोपेलर शाफ्ट आणि चाकांकडे जाणारे दोन्ही अर्धे शाफ्टही त्याच्याच जोडीचे लागतात. नाहीतर फ्लँज एकमेकांना जुळत नाहीत.

इथे थोडे थांबून डिफरन्शियल हे नाव कशावरून आले ते पाहू. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त? दोन चाकांतले अंतर सुमारे १.४२ मीटर धरा. काटकोनात वळताना बाहेरचे चाक π/२ × १.४२, म्हणजे सुमारे २.२३ मीटर जास्त चालते. गंमत अशी, की वळण गल्लीतले असो की घाटातले, त्रिज्या कितीही असो, हा फरक तेवढाच राहतो. (का ते वहीत दोन वर्तुळे काढून सिद्ध करा.) दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली असती, तर प्रत्येक वळणावर एखादे चाक घासत गेले असते. डिफरन्शियलमधली चार लहान दातेरी चाके हा फरक दोन बाजूंना वाटून देतात. क्राऊनच्या फेऱ्यांचा वेग नेहमी दोन्ही चाकांच्या वेगांच्या सरासरीइतका असतो. ही युक्ती ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच कारागिराने १८२८ साली पेटंट केली. तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मायचीच होती. त्याने ती वाफेच्या गाडीसाठी योजली होती.

सरासरीचा हा नियम जुन्या मालाच्या बाजारात फार उपयोगी पडतो. डिफरन्शियलवर आकडा लिहिलेला नसला, तरी तो न खोलता गुणोत्तर काढता येते. एका बाजूचा फ्लँज पक्का धरा, दुसऱ्या बाजूचा दोन पूर्ण फेरे फिरवा. सरासरी एक, म्हणून क्राऊनचा नेमका एक फेरा होतो. तेवढ्यात पिनियनचे किती फेरे होतात ते खडूची खूण करून मोजा. चारापेक्षा थोडे जास्त झाले तर ४.३ किंवा ४.१, साडेतीनपेक्षा थोडे जास्त झाले तर ३.६३६. ही युक्ती साध्या डिफरन्शियलची. घसरण रोखणारी खास रचना ज्यात असते, त्यात दोन्ही फ्लँज एकत्र एकेक फेरा फिरवावे लागतात.

आता प्रत्यक्ष काम. त्याला ताकदीपेक्षा क्रम जास्त महत्त्वाचा. गाडी सपाट, काँक्रीटच्या जमिनीवर चार पक्क्या लोखंडी स्टँडवर उभी करतात. जॅक हा फक्त उचलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. पोकळ वीट कुरकुरून इशारा देत नाही, ती एकदम चुरा होते. आणि या गाडीचे वजन एक टनाच्या आसपास आहे.

बॅटरीची तार सोडल्यावर तेल काढायचे. इथे जुन्या मिस्त्रींचा एक नियम आहे : आधी तेल भरायचा वरचा बूच सैल करून पाहा, मगच खालचा काढा. वरचा गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सांडून गेले असेल, तर जोडलेल्या गाडीत नवे तेल घालणार कुठून?

एमएक्स-५ मध्ये एक गोष्ट वेगळी आहे. गिअरबॉक्सचे शेपूट आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट तिच्या पोटाखालून जाते. गिअरबॉक्सचा मागचा भाग या चौकटीनेच तोललेला असतो, त्याला दुसरा आधार नाही. म्हणून चौकट सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक लावावाच लागतो. प्रोपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर खूण करतात, म्हणजे तो पुन्हा त्याच बाजूने बसतो आणि त्याचा तोल बिघडत नाही. मग क्लचचा सिलिंडर, स्टार्टर आणि शेवटी इंजिनाला धरणारे बोल्ट. वरचे बोल्ट हाताला लागत नाहीत, त्यांच्यासाठी पान्याला हातभर लांब दांडी जोडावी लागते. तीस-चाळीस किलोची ती पेटी सरळ मागे ओढायची. तिचा पुढचा दांडा क्लच प्लेटच्या खाचांतून बाहेर पडेपर्यंत तिचे ओझे त्या दांड्यावर पडता कामा नये.

डिफरन्शियल मात्र घरी खोलू नये, पूर्ण बदलावा. क्राऊन आणि पिनियन जोडीने घासून जुळवलेले असतात. त्यांच्या दात्यांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवावी लागते. ती चुकली तर दाते किंचाळतात आणि लवकर झिजतात.

जोडताना सर्वांत नाजूक काम त्या ॲल्युमिनियमच्या चौकटीचे. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. सांधा वाकलेला असला की शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले, तर एकाची चूक दुसरा पुसतो. म्हणून चौकटीचे बोल्ट आवळण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या शेपटाची उंची मापून ठरवतात. ती चुकली तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरू लागते.

सर्व नीट जमले तरी एक धोका राहतोच, आणि तो कानाला ऐकू येत नाही. वेगमापक चाकाचे फेरे मोजत नाही, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याचे मोजतो. एका फेऱ्यामागे चाक किती फिरते हे त्याने ४.३ धरून ठरवलेले असते. आता तिथे ३.६३६ आहे. दांडा तेवढाच फिरतो, पण चाक ४.३ ÷ ३.६३६, म्हणजे सुमारे १.१८ पट जास्त फिरते. काटा ८५ दाखवतो तेव्हा गाडी ताशी १०० ने धावत असते. वेग दीडपट झाला तर ब्रेकनंतरचे अंतर सव्वादोनपट होते, तसे १.१८ पट वेगाला ते सुमारे १.४ पट होते. चालकाला मात्र याची कल्पनाच नसते. उपाय स्वस्त आहे : वेगमापकाला फिरवणारे छोटे दातेरी चाक कमी दात्यांचे घालायचे. ते बरोबर बसले की नाही, हे तपासायला किलोमीटरचे दगड आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते. चालकाने काटा १०० वर स्थिर ठेवावा आणि शेजारच्याने वेळ मोजावी. दोन दगडांमध्ये ३६ सेकंद लागले, तर काटा खरे बोलतो आहे. तीस-एकतीसच लागले, तर दातेरी चाक अजून जुनेच आहे.